रूपीची सुट्टी

सायवनच्या रस्त्याला मिशनची जी प्राथमिक शाळा आहे, तिथं संध्याकाळी घंटा झाली तरी चौथीचा वर्ग सुटत नाही. विनिताबाई सोडतील तेव्हा तो सुटतो. पोरं रांगेत उभी राहतात, एकेक जण दारात येतो आणि मान वर करून विचारतो, "बाई, जाऊ?" बाई डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "जा. सरळ घरी जा." मगच पोर पायरी उतरतं. मागं एकदा घंटेसरशी उधळलेलं एक पोर वळणावरच्या डंपरखाली जाता जाता वाचलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. पोरांनी तो इतका अंगी बाणवून घेतला की रानशेतच्या बाजारात बाई भेटल्या तरी निघताना डोकं पुढं करायची. बाजारातली माणसं हसायची, पण बाई तिथंही हात ठेवायच्या.

यंदा मात्र रांगेतलं शेवटचं पोर गेलं तरी बाई दारातून हलत नसत. त्यांचा हात आणखी एकदा पुढं व्हायचा, नऊ वर्षांच्या पोरीचं डोकं येतं तेवढ्या उंचीवर, आणि जरा वेळ तिथंच राहायचा. तो त्या ठेवायच्या, पण "जा" म्हणत नसत. खोटं कशाला सांगायचं, त्यांना ते म्हणायचंच नव्हतं.

ते डोकं रूपीचं होतं आणि रूपी नाताळाच्या सुमारास वारली होती.

रूपी म्हणजे पलीकडच्या पाड्यावरच्या तुक्याची आणि नवशीची पोर. अभ्यासात बेताची, पण चौकशा अख्ख्या जगाच्या. बाकीच्या पोरी खोबरेल चोपडून यायच्या. नवशी मोहाच्या बियांचं तेल काढायची, तेच घरात भाजीला आणि तेच रूपीच्या डोक्याला. त्या तेलाचा वास असा उग्र की रूपी वर्गात आली हे बाईंना फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. शाळा सुटली की बाईंची पिशवी घेऊन ती स्टॉपपर्यंत यायची आणि एसटी येईपर्यंत बाजूला उभी राहायची. पाड्यावरच्या बोलीत देवालाही तू आणि बाईलाही तू. शाळेत ती ताठ "तुम्ही" म्हणायची, पण फाटकाबाहेर पडली की बाई लगेच तिची "तू" व्हायची.

"तुझी पोरा किती, बाई?" तिनं एकदा विचारलं होतं.

बाईंचं लग्न झालं नव्हतं. बोर्डीला भावाच्या, अमृतच्या घरात त्या राहत. घर भरलेलं होतं, मागं चिकूची वाडी होती, ताटात गरम जेवण पडत होतं. फक्त बाईंच्या एसटीची वाट बघणारं तिथं कोणी नव्हतं. हे एवढ्याशा पोरीला काय सांगायचं, म्हणून त्या म्हणाल्या, "तुम्हीच माझी पोरं."

रूपीनं रस्त्यातला एक दगड पायानं ढकलत नेला. दुसऱ्या दिवशी पिशवी घेताना म्हणाली, "आयेला सांगलां मी. मी बाईची पण हाय."

बाई त्या दिवशी घोलवडपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या.

दिवाळी झाली की इकडचे पाडे ओस पडायला लागतात. कोणी गुजरातेत बोटींवर जातं, कोणी भिवंडीकडं वीटभट्टीवर. तुक्याचं घर भट्टीवर जायचं. दरवर्षी रूपी आजीजवळ राहायची, पण आजी पावसाळ्यात गेली, आता पोरीला ठेवायचं कोणाकडं? मुकादमाचा टेम्पो नेमका भरदुपारी शाळेसमोर येऊन उभा राहिला आणि नवशी वर्गाच्या खिडकीशी आली. बाई तेव्हा ऑफिसात नाताळच्या चांदणीला कागद चिकटवत होत्या. पुढचं सगळं त्यांना योगितानं सांगितलं. योगिता रूपीच्या बाकावरची, डोळ्यांतून काही निसटू न देणारी पोरगी.

"ती बोलली, बाईंना विचारून येते. तिची आये बोलली, गाडी जाते. हात धरून ओढलां तिला. तरी ती दारात थांबली, बाई. असं डोकं पुढं केलां." योगितानं करून दाखवलं. "तुम्ही नव्हत्या."

बाईंच्या हाताला खळ लागलेली होती. ती त्यांनी साडीलाच पुसली.

डिसेंबरात, नाताळची सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी पोरं सोडून झाली आणि सवयीनं हात अजून पुढं होता, तर तळव्याखाली डोकं आलं. ऊबदार, मधोमध भांग पाडलेलं, तेलकट. बाईंनी खाली पाहिलं. पायरी रिकामी होती आणि अंगणात शाळेची कुत्री ऊन खात पडली होती. सवयीचा हात आहे, फसतो, असं स्वतःला सांगून त्या एसटीत बसल्या. खिडकीचा गज धरला तेव्हा तळव्याला मोहाच्या तेलाचा वास आला.

जानेवारीत शाळा उघडली आणि तुक्याच्या चुलतभावाच्या फोनवर बातमी आली. भट्टीवर पोरीला ताप भरला, डोळे पिवळे झाले, दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. तिकडंच खाडीच्या काठाला मातीत घातली. कधी, असं बाईंनी विचारलं नाही. ताळा जुळवून बघायची त्यांची छाती झाली नाही.

त्या संध्याकाळी डोकं पुन्हा हाताखाली आलं, आणि मग रोज येऊ लागलं.

बाई काही भित्र्या नव्हत्या. भूत नसतं, मांजर आडवं गेल्यानं काही होत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षं पोरांना घोकून घेतलं होतं. आता तोंड उघडायची चोरी झाली. भीती वाटली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना कधी कधी वाटे. भीती वाटली असती तर देवळात नारळ फोडला असता, सिस्टरांकडून पवित्र पाणी शिंपडून घेतलं असतं. पण वाटायचा तो आनंद. दिवसभर त्या संध्याकाळची वाट बघायच्या. एसटीत बसलं की तळवा नाकाशी न्यायच्या. दिवाळीपासून जे हरवलं होतं ते रोज परत मिळत होतं, आणि ते कोणाला सांगायचंही कारण नव्हतं.

म्हणजे असं त्यांना वाटत होतं. पोरांना ठाऊक होतं. योगिता बाकावर अजून टोकालाच बसायची, अर्धा बाक मोकळा ठेवून. रांगेत तिच्या मागं एका पोराची जागा सुटायची. कोणी दंगेखोर त्या जागेत घुसला की बाकीची पोरं त्याला न भांडता बाजूला करायची. आणि एक दिवस खिचडी करणारी बायजा ओरडत व्हरांड्यात आली. बायजाची जीभ म्हणजे करवत, मनानं मात्र बाई सोन्याची.

"एक ताट जास्तीचां कोण मांडते रे रोज? शालेत काय पावणा येतो?"

योगिता म्हणाली, "रूपीचां हाय."

बायजानं तिला मेली म्हटलं, असल्या गोष्टी भरल्या ताटावर बोलू नये म्हणून बजावलं, आणि पाय आपटत चुलीकडं गेली. दुसऱ्या दिवशी ते ताट तिनं स्वतःच मांडलं. वर लोणच्याची फोड ठेवली. रूपीला लोणचं आवडायचं.

मार्चमध्ये योगितानं बाईंना एकटं गाठलं. "बाई, ती रोज तुम्हाला विचारते. तुम्ही तिला सांगत का नाय?"

"भागाकार झाले?" बाई म्हणाल्या.

"नाय."

"मग ते कर आधी."

योगिता गेली. बाई खुर्चीत बसून राहिल्या. त्यांनाही ऐकू येत होतं. पोरं गेल्यावरच्या शांततेत, हाताखालून, अगदी बारीक आवाजात यायचं ते "बाई, जाऊ?" त्या ऐकायच्या आणि ओठ मिटून घ्यायच्या. जाऊन जाणार कुठं? घराला कुलूप, आईबाप भट्टीवर, आजी गेलेली. इथं आपला बाक आहे, ताट आहे, लोणच्याची फोड आहे. असं त्या स्वतःला समजावायच्या आणि त्यातलं निम्मं त्यांना पटायचं.

एप्रिल सरत आला. निकाल तयार झाले, अंगणात मांडव पडला आणि बातमीचा दिवस आला.

बातमी म्हणजे या शाळेचं खास प्रकरण. इतर शाळांत वर्षाअखेरीला पाहुण्यांची भाषणं होतात आणि लोक जांभया देतात. इथं एका जुन्या फादरांनी वेगळी रीत पाडली. एका शिक्षकानं उभं राहायचं आणि सगळ्या पाड्यांची वर्षभराची बातमी तोंडी सांगायची. कोणाकडं बाळ झालं, कोणाचं छप्पर उडालं, कोण कॉलेजात गेलं. ज्यांची पोरं शाळेत नाहीत तेही ऐकायला येतात, कारण आपलं नाव माइकमधून ऐकावं असं कोणाला वाटत नाही? गेलेल्या माणसाचं नाव आलं की सगळा मांडव उठून उभा राहतो, ख्रिस्ती असो की नसो, आणि मग खाली बसतो. इतक्या वर्षांत ही बातमी विनिताबाईंचीच झाली होती. त्यांना चिठोरी लागत नसे.

आदल्या दिवशी मुख्याध्यापिका सिस्टर ऍग्नेला वर्गात आल्या. सिस्टर मूळच्या वसईच्या, वयानं बाईंपेक्षा लहान, कामाला वाघ आणि बोलायला मोजून मापून.

"विनिताबाई, उद्या वसईहून पाहुणे येतायत. नवीन खोल्यांचं काम त्यांच्या मनावर आहे. रूपीचं बातमीत नको घेऊ या. चर्चमध्ये मिसाच्या वेळी आपण तिच्यासाठी प्रार्थना करू."

"बरं, सिस्टर," बाई म्हणाल्या. या "बरं"मध्ये आज्ञाधारकपणा थोडा आणि सुटका फार होती. नाव घेतलं की मांडव उभा राहणार, आणि मांडव उभा राहिला की ती गेली हे ठरणार. आयती पळवाट मिळाली, बाईंनी ती घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. पाहुणे पुढं खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर, पुरुष कडेला कुडाला टेकून, हातात मोबाइल धरून. पोरांचा नाच झाला. गोल धरून सगळी पोरं हातात हात घालून फिरली आणि योगितानं आपला एक हात बाजूला तसाच लांब धरून ठेवला. पाहुण्यांतल्या एका बाईंनी फोटो काढताना तिला खूण केली, पुढच्याचा हात धर म्हणून. योगितानं मान हलवली आणि तशीच फिरत राहिली.

मग बाई माइकपाशी गेल्या. बातमी रंगली. बायजाच्या सुनेला जुळं झालं आणि दोन्ही पोरांचा आवाज आजीवर गेलाय, यावर बायजासुद्धा हसली. वरच्या पाड्यावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, आता रेंज येण्याची वाट आहे. तलासरीला होस्टेलात गेलेला आपला मनिष दहावीला बसला. मिशनच्या आंब्यावर वीज पडली, आंबा जगला. शाळेच्या कुत्रीला पिल्लं झाली आणि त्यातलं एक सिस्टरांच्या चपलेत झोपतं. एकेका नावासरशी मांडवात कुजबुज उठत होती. "तर ही झाली आपल्या शाळेची यंदाची बातमी," असं म्हणून बाईंनी हात जोडले आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या तरी सतरंजीवर एक बाई उभी होती. नवशी. भट्टीच्या धुरानं चेहरा काळवंडलेला, लुगडं मात्र धुतलेलं. कडेला तुक्या जमिनीकडं बघत होता. दोघं परत आलेत हे बाईंना कोणी सांगितलं नव्हतं.

"बाई," नवशी म्हणाली, "सगल्यांची बातमी सांगलीस. कुत्रीची पण सांगलीस. माझे रूपीची नाय सांगलीस."

नाव निघालं आणि माणसं उठायला लागली. आधी बायजा उठली, मग सतरंजीवरच्या बाया, मग कुडाला टेकलेले पुरुष सरळ झाले. पाहुण्यांना वाटलं राष्ट्रगीत आहे, तेही उठून ताठ उभे राहिले. बाई माइक धरून तशाच होत्या.

"आमी परवा तिचा दिवस घातला," नवशी सांगू लागली. गेलेल्याचा दिवस घालतात तेव्हा भगत गाऊन गाऊन घरातल्या मेलेल्यांना बोलावतो. ते अंगात येतात, बोलतात, घोटभर पितात आणि मग आपल्या वाटेला लागतात. दिवस झाल्याशिवाय मेलेलं माणूस पोचत नाही, हे मांडवातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. "भगतानं हाक मारली. माझी सासू आली. दीर आला. ती नाय आली. मग दिराला विचारलां, पोर कुठं? तो बोलला, पोर शालेत बसली हाय. बाई सुट्टी देत नाय."

सिस्टरांनी माइक हातात घेतला. "नवशी, बस जरा. आपण सगळे मिळून रूपीसाठी प्रार्थना करू."

"कर," नवशी म्हणाली. त्या आवाजात राग नव्हता. "पण ती तुला नाय विचारत."

"नवशी," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "मी कोण सुट्टी देणार?" त्यांच्या पोटात दिवाळीपासून एक वाक्य साचून होतं. तूच नेलीस तिला ओढून, मला विचारायला थांबली होती पोर, तू थांबू दिलं नाहीस. ते आता अगदी जिभेवर आलं.

"मीच नेलां तिला," नवशी आधीच म्हणाली. "हात धरून. ती दारात थांबली, मी ओढलां. मुकादम हॉर्न मारत होता. भट्टीवर ती रोज बोलायची, आये, बाईंना नाय विचारलां, बाई रागावतील. ताप भरला तवा पण तेच. ती माना सांगायची, मी बाईची पण हाय. तुझी पण हाय, तर तू पण सोड, बाई. मी एकटीनं सोडून ती जात नाय."

बाईंच्या जिभेवरचं वाक्य कुठं गेलं ते कळलं नाही. आपण इतके दिवस एका आईशी पोरीची ओढाओढ करत होतो, आणि आईच्या हातात दोरीच नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण लाज वाटली तरी पोर सोडवत नव्हती.

त्या माइकपासून मागं सरल्या. "चौथी," त्या म्हणाल्या, "रांग करा."

पोरं निकालाची कार्डं छातीशी धरून वर्गापुढं उभी राहिली. मांडवातली माणसं अंगणाच्या कडेला झाली, नवशी आणि तुक्या फाटकाशी गेले. सिस्टर बाईंच्या मागोमाग आल्या. आता या अंधश्रद्धेवर दोन शब्द ऐकावे लागणार, असं बाईंना वाटलं. सिस्टरांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि तो त्या नुसत्या चाळवत होत्या.

"संध्याकाळी कुलपं मीच लावते ना," सिस्टर हळू म्हणाल्या. "जानेवारीपासून चौथीला लावलेलं नाही. आत पोर असताना कसं लावायचं?" एवढं बोलून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

बाई उंबऱ्यावर आल्या. पहिला पोरगा पुढं झाला. पाचवीला ही सगळी तलासरीच्या मोठ्या शाळेत जाणार, म्हणजे ही विचारण्याची शेवटचीच वेळ. "बाई, जाऊ?" हात. "जा. सरळ घरी जा." एकेक पोर पायरी उतरून आपल्या माणसांकडं गेलं. कोणी पळालं नाही. सगळ्यांत शेवटी योगिता आली. तिच्या मागं एका पोराची जागा सोडलेली होती, आणि त्या जागेच्या मागं कोणी नव्हतं.

"बाई, जाऊ?"

"जा. सरळ घरी जा."

योगिता पायरी उतरली, पण नेहमीसारखी पुढं गेली नाही. बाजूला सरून, कोणाला वाट द्यावी तशी उभी राहिली.

बाईंनी हात पुढं केला. डोकं हाताखाली आलं. तोच भांग, तेच तेल, उन्हात उभं राहिलेल्या पोरीच्या डोक्याला असते तशी ऊब. फाटकाशी नवशी टाचा उंचावून बघत होती. तिला काही दिसत नव्हतं. तिला फक्त बाईंचा हात दिसत होता, आणि त्या हाताखाली आपल्या पोरीची उंची.

"बाई, जाऊ?"

एकदाच अजून, उद्याची एक संध्याकाळ अजून, असं बाईंना वाटलं. मग आठवलं की उद्यापासून शाळाच नाही. सुट्टीभर हा वर्ग रिकामा राहणार, बायजा ताट मांडणार नाही, योगिता बाकावर सरकून बसणार नाही. उघड्या दाराच्या आत ही पोर एकटी बसून राहील, जूनपर्यंत, बाई येऊन जा म्हणतील म्हणून. आणि जूनमध्ये बाई आल्या तरी म्हणणार नाहीत. त्यांनी केलेला नियम होता, आणि सगळा वर्ग सुटला तरी एकटी रूपीच तो अजून पाळत होती.

त्यांनी बोटं केसांतून एकदा मागं नेली. जन्मात कधी कोणाच्या केसांतून फिरवली नव्हती तशी.

"जा," त्या म्हणाल्या. "सरळ घरी जा. आई उभी आहे बघ फाटकात."

हात एकदम खाली आला. खाली काहीच नव्हतं.

अंगणात ऊन खात पडलेली कुत्री उठली, शेपूट हलवत फाटकापर्यंत गेली आणि तिथं बसली. फाटकाशी नवशी वाकली. हात खाली करून तिनं मूठ मिटली, लहान पोराचं बोट धरताना मिटतात तशी, सैल. मग ती वळली आणि रस्त्याला लागली. वळणावरून एक डंपर येत होता. नवशीनं जागा बदलली. स्वतः डांबराच्या बाजूला झाली आणि धरलेला हात गवताच्या बाजूला घेतला. तुक्या दोन पावलं मागून चालला होता, त्यांच्या दोघींच्या चालीनं. डंपर गेला, धूळ बसली, तोवर ती पाड्याच्या पायवाटेला उतरली होती.

पाहुण्यांना चहा हवा होता. माणसं मांडवाकडं परतली आणि हळूहळू बोलायला लागली. बायजानं कपांचा खडखडाट केला. बाई उंबऱ्यावर तशाच उभ्या होत्या.

सिस्टर भिंतीपासून पुढं आल्या. किल्ली त्यांनी जुडग्यातून वेगळी काढलेली होती. "लावू?" त्यांनी विचारलं.

बाईंनी वर्गात वळून पाहिलं. बाक होते, फळ्यावर कालची तारीख होती.

"लावा," त्या म्हणाल्या.

बोर्डीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. डहाणू मागं पडलं, चिकूच्या वाड्या लागल्या, तेव्हा त्यांनी तळवा नाकाशी नेला. हाताला खडूचा वास येत होता.